जिव्हाळा आणि जमाखर्च

आपल्याकडे एक वाक्य फार गोड मानले जाते आणि त्याच वाक्याने कितीतरी चांगले धंदे आतून पोखरले आहेत. ‘किती द्यायचे?’ असे विचारले की समोरचा हसून म्हणतो, ‘तुम्हाला वाटेल ते द्या.’ ओझरला विघ्नहराच्या दर्शनासाठी कुकडीकाठी उतरलेल्या यात्रेकरूच्या कानावर हे वाक्य पडते आणि महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही गावातही पडते. अष्टविनायकाची फेरी करवून आणणारा गाडीवाला, घरच्या घरी चार पाने वाढणारी ताई, ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनी, मोटारीची वायर जोडून देणारा पोरगा, शिकवणी घेणारे निवृत्त गुरुजी ही सगळी स्वतःच्या हिमतीवर पोट भरणारी माणसे. अनोळखी माणसाला ती बिनदिक्कत दर सांगतात. गिऱ्हाईक ओळखीचे निघाले की मात्र यांच्या तोंडून आकडा फुटत नाही.

ऐकणाऱ्याला वाटते, काय मोठ्या मनाचा माणूस! पण त्या क्षणी दोन डोक्यांत दोन वेगळे हिशेब चालू असतात. गिऱ्हाईक शंभराची नोट काढते आणि मनात म्हणते, ‘जरा जास्तच दिले.’ घेणारा नोट खिशात घालतो आणि मनात म्हणतो, ‘दोनशेचे काम होते.’ दोघेही हसत निरोप घेतात. पुढच्या खेपेला गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, किंवा कारागिराला त्या आठवड्यात अचानक वेळ नसतो. भांडण झालेले नसते, म्हणून समेटही होत नाही. जिव्हाळा का आटला, हे दोघांनाही नेमके कळत नाही.

भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या जुन्या माणसांनी म्हणून ठेवले आहे. बँकेच्या नोकरीत छोट्या धंद्यांचे कागद चाळण्यात माझी बरीच वर्षे गेली, तेव्हा या म्हणीचा आकड्यांतला पुरावाच समोर येई. ताळेबंदात ‘येणे’ असा एक रकाना असतो. त्यातली परक्यांची येणी उशिरा का होईना वसूल होत. वर्षानुवर्षे तशीच पडून राहत ती काका, मामा, सर, साहेब अशा नावांपुढची. ‘मागितले का?’ असे विचारले तर उत्तर येई, ‘त्यांना कसे मागायचे?’ धंदा तोट्यात नव्हता, संकोचात होता. पण बँकेचे व्याज संकोच ओळखत नाही.

यावर शहरी शहाणपण असे सांगते की धंद्यात मैत्री आणूच नये. सल्ला ऐकायला ठणठणीत आहे, पण तालुक्याच्या गावी तो चालायचा नाही. जुन्नर, आंबेगाव, नारायणगाव, मंचर अशा ठिकाणी तुमचे गिऱ्हाईक हे तुमच्या मुलाचे मास्तर असते, बहिणीच्या सासरचे असते, चतुर्थीच्या रांगेत तुमच्या पुढे उभे असते. पुण्या-मुंबईतही फार वेगळे नाही. निम्मी कामे ओळखीतूनच येतात. तेव्हा मैत्री ठेवावी की नाही, हा प्रश्न आपल्यापुरता निकालात निघालेला आहे. मैत्री असणारच. तिच्यासकट व्यवहार चोख कसा ठेवायचा, एवढेच शिकायचे आहे. आणि ते शिकवायला परदेशातले गुरू आणायची गरज नाही. याच मावळपट्ट्यातल्या माणसांनी ते सव्वाशेहून अधिक वर्षे करून दाखवले आहे.

मी मुंबईच्या डबेवाल्यांविषयी बोलतो आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये मुंबईत हे काम सुरू केले, असे मानले जाते. तेव्हापासून डबेवाले मुख्यतः आपल्याच भागातून गेले: जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, पलीकडचे अकोले. २०१० मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने त्यांच्या कामाचा अभ्यास पाठ म्हणून मांडला. त्याआधी २००३ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला येऊन भेटले आणि २००५ मध्ये आपल्या लग्नाचे आमंत्रणही त्यांनी डबेवाल्यांना धाडले. कौतुक झाले ते वेळेचे आणि डब्यावरच्या खुणांचे. मला त्यांच्या कामातली दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. डबेवाला कुणाचा नोकर नसतो. आपल्या गटाचा तो भागीदार असतो आणि गटाची कमाई खर्च वजा जाता सारखी वाटली जाते. म्हणजे हा अस्सल स्वयंरोजगार आहे.

आता त्याचे गिऱ्हाइकाशी नाते कसे, ते पाहा. दर सकाळी तो एखाद्या घराच्या दाराशी उभा राहतो आणि घरातली बाई आपल्या हाताने रांधलेले अन्न त्याच्या हवाली करते. याहून जवळचे नाते कोणते? पण त्या दाराशी गप्पांचा फड रंगत नाही. डबा ठरल्या वेळी तयार हवा. पुन्हा पुन्हा उशीर होऊ लागला तर ते घर सोडून दिले जाते, कारण एका घरच्या पाच मिनिटांपायी गाडी चुकली तर बाकीच्या सगळ्यांचे जेवण चुकते. महिन्याचा दर आधी ठरलेला असतो. महिना भरला की पैसे मागताना तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत नाही. दिवाळीला एका महिन्याचे जादा पैसे घेण्याची रीत आहे, तीही उघड. कामाच्या वेळेत डोक्यावर पांढरी टोपी आणि जवळ ओळखपत्र हवे, व्यसन नको, हे नियम संघटनेने स्वतःवरच घालून घेतलेले आहेत.

आणखी एक गोष्ट. चैत्रात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा लागल्या की डबेवाले दर वर्षी काही दिवस सुट्टी घेऊन गावी येतात. ही सुट्टी ते चोरून घेत नाहीत आणि आजारपणाची सबबही सांगत नाहीत. अमुक दिवस डबा येणार नाही, आमच्या गावची यात्रा आहे, असे आधी कळवतात आणि सुट्टीचे पैसे कापू नका, अशी विनंतीही जाहीरपणे करतात. कार्यालयातला साहेब त्या दिवसांत बाहेर जेवतो. आधी सांगितलेला नकार माणसे सहन करतात. त्यांना राग येतो तो ऐनवेळी तोंडघशी पडण्याचा.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या आणि हे कामही थांबले. कितीतरी जण गावी शेतीवर परतले. पुढे गाड्या सुरू झाल्या तरी डब्यांची संख्या पूर्वीसारखी राहिली नाही. चोख व्यवहार काळाचा फटका टाळू शकत नाही, हेही यातून शिकावे. पण पुन्हा दार ठोठावायची वेळ आली, तर ज्याने कुणाची फसवणूक केली नाही आणि कुणाचे उपकार अंगावर ठेवले नाहीत, त्याला मान वर करून ठोठावता येते.

कुणी म्हणेल, ही मुंबईची गोष्ट झाली. गावात पूर्वी पैशाविना नुसत्या मायेवर सगळे चाले. ही समजूत जरा तपासून घ्यायला हवी. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ मध्ये आले. बलुतेदारीचा व्यवहार ज्यांना समजून घ्यायचा आहे, त्यांनी ते आजही वाचावे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट वर्षभर कुळांची कामे करत आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला वाटा नेत. हा वाटा मर्जीवर सोडलेला नव्हता. कुणाचे किती, हे रूढीने ठरलेले होते आणि गावाला ठाऊक होते. सुताराने कुणबिणीला ‘तुम्हाला वाटेल ते द्या’ असे म्हटले असते तर त्याच्या घरी चूल पेटली नसती. बलुत्याच्या व्यवस्थेत माया होती, लग्नकार्यात मानपान होता, पण त्याखाली पक्का हिशेब होता.

मात्र त्या व्यवस्थेत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे नाही म्हणण्याची मोकळीक. जन्माने जे काम अंगावर आले ते टाकता येत नव्हते आणि वेळी-अवेळी हाक आली तर उठावे लागे. याचा सर्वांत मोठा जाच महार समाजाने सोसला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच जाचातून सुटका व्हावी म्हणून. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडले. ‘तू घरचाच आहेस’ हे वाक्य त्या काळात नेहमी वरच्या माणसाने खालच्या माणसाला ऐकवलेले असे, हे आपण विसरू नये.

म्हणून आज कुणी अभिमानाने ‘आमचा घरचाच सुतार आहे’ असे म्हणाले की माझ्या मनात दोन प्रश्न येतात. त्याला तुमच्या तोंडावर आपली मजुरी मागता येते का? आणि ‘या आठवड्यात जमणार नाही’ असे सांगता येते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर ती मैत्री. ‘नाही’ असेल तर ती बलुतेदारीच, आणि तीही खळ्यावरच्या वाट्याविना!

दुसरी एक समजूत अशी की लिहून घेणे म्हणजे अविश्वास. ‘आपल्यात कशाला कागद?’ असे म्हटले की समोरचा ओशाळतो. यावर नाशिकच्या पांडवलेण्यातला एक शिलालेख मला फार आवडतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली, ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. हे सगळे निगमसभेत ऐकवले गेले, फलकावर नोंदले गेले आणि वर दगडात कोरले गेले. एक तर जावई आणि तोही राजाचा! तरी विणकरांशी त्याचा व्यवहार दरासकट लेखी झाला आणि त्यात कुणाचाही अपमान झाला नाही. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांतही बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. कागद हा भांडणासाठी नसतो. दोन प्रामाणिक माणसांच्या आठवणी वेगवेगळ्या निघाल्या तर तिसरा साक्षीदार असावा, म्हणून तो असतो.

ओझरहून नारायणगाव हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. फडमालक आणि पंच यांची ओळख कधी कधी पिढ्यांची असते. चहा होतो, जुन्या आठवणी निघतात. पण तारीख, सुपारीची रक्कम आणि इसार यांवाचून बैठक पुरी होत नाही. ढोलकीवर थाप पडण्याआधी आकडा ठरलेला असतो, म्हणूनच थाप मोकळेपणी पडते. याच गावच्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरीही २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस ओढगस्तीत काढून गेल्या. टाळ्या म्हणजे मिळकत नव्हे, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये.

आता स्वतःचे काम करणाऱ्या मुलामुलींसाठी चार व्यवहारी गोष्टी. पहिली, आकडा आधी सांगा आणि हसून सांगा. काम संपल्यावर सांगितलेला दर गिऱ्हाइकाला दंडासारखा वाटतो. आधी सांगितलेला दर ही नुसती माहिती असते. दुसरी, ओळखीच्या माणसाला सवलत जरूर द्या, पण ती सवलत म्हणून द्या. बिलावर पूर्ण रक्कम लिहा, खाली ‘सूट’ असे लिहून ती वजा करा. नाहीतर तुमची माया तुमचा दर होऊन बसते आणि पुढच्या वर्षी खरा दर सांगितलात की तुम्हीच माजलेले ठरता. तिसरी, दर वाढवायचा असेल तर महिनाभर आधी कळवा आणि काम बिघडले असेल तर गिऱ्हाइकाला दिसण्याआधी आपण होऊन सांगा. चौथी, एका घरचे दुसऱ्या घरी नेऊ नका. बँकेत रुजू होताना गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. शिंपिणीला, नर्सला, शिकवणीच्या बाईंना अशी सही कुणी मागत नाही, म्हणून ती त्यांनी स्वतःपुरती मनात करावी. घराघरांतली दुखणी, भांडणे आणि उधाऱ्या त्यांना दिसतात. ज्याच्या तोंडून त्या बाहेर जात नाहीत, त्याला आयुष्यभर गिऱ्हाईक सोडत नाही.

हे चारही गुण एका माणसात पाहायचे असतील तर पिग्मी गोळा करणाऱ्याकडे पाहा. ही योजना १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेच्या संस्थापकांनी सुरू केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण रोजच्या बचतीची ती रीत आपल्या पतसंस्थांनी कधीच आपलीशी केली होती. पिग्मीवाला रोज पानवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांकडे जातो, चहा घेतो, पोरांची चौकशी करतो. दहा रुपये असोत वा पाचशे, नोंद केल्याशिवाय मात्र पायरी उतरत नाही. कुणाची बचत किती, हे तो शेजारच्या दुकानात बोलत नाही. त्याच्या चहाने नोंद चुकत नाही आणि नोंदीने चहा कडू होत नाही.

सरकारनेही उशिरा का होईना, लहान माणसाच्या येण्याची दखल घेतली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे कंपनीने ठरल्या मुदतीत द्यायचे असतात आणि ती मुदत पंचेचाळीस दिवसांपुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी घरबसल्या आणि विनाशुल्क होते. ज्यांची कामे कारखान्यांशी वा कंपन्यांशी आहेत त्यांनी ती जरूर करावी. पण शेजारच्या काकूंकडे राहिलेल्या शिलाईसाठी कुणी कायदा दाखवत नाही. तिथे जीभच उपयोगी पडते. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आता पानाच्या टपरीपर्यंत पोचली आहे, सुट्ट्या पैशांची अडचण संपली आहे. तरी कितीतरी ठिकाणी पाहतो, पैसे घेण्याचा चौकोन भिंतीवर चिकटवलेला असतो, दरपत्रक मात्र चिकटवलेले नसते.

शेवटी, हा लेख चहाचा कप हातात घेऊन वाचणाऱ्या घरांसाठी दोन शब्द. आपण सगळे कुणाचे तरी गिऱ्हाईक आहोत. मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावून पैसे मोजणारे आपण, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि वर ‘आपला माणूस’ असे म्हणतो. डॉक्टर झालेल्या भाच्याला लग्नाच्या पंगतीत नाडी दाखवतो, वकील मेहुण्याला फोनवर ‘सहज’ तासभर सल्ला विचारतो, फोटो काढणाऱ्या पुतण्याला ‘तुझ्याच बहिणीचे लग्न’ म्हणून फुकट राबवतो. त्यांनी आपली भीड धरावी आणि आपण त्यांच्या भिडेवर हात मारावा, याला माया म्हणत नाहीत. आपल्या माणसाचा धंदा नवा असेल तर त्याला इतरांपेक्षा एक रुपया कमी देण्याऐवजी इतरांपेक्षा एक दिवस आधी द्यावा. त्याच्यासाठी याहून मोठा आशीर्वाद नाही.

आणि घरातल्या मुलीने शिवणाचे, शिकवणीचे, डब्याचे काम सुरू केले असेल तर ‘ओळखीत कसले पैसे घेतेस?’ असे तिला म्हणू नका. कष्टाची किंमत तोंडाने सांगता येणे, हे आपण मुलांना पाढ्यांबरोबर शिकवायला हवे होते. ते राहून गेले. अजून वेळ गेलेली नाही.

आज रविवार आहे. घरातली डायरी काढावी. दूधवाला, शिंपी, वायरमन, शिकवणीच्या बाई, कुणाकुणाचे ‘नंतर देतो’ राहून गेले आहे, ते पाहावे. त्यांनी मागितलेले नसेल, मागणारही नाहीत. दुपारच्या जेवणाआधी आपणच फोन करावा आणि विचारावे, ‘तुमचे किती झाले?’ पलीकडून ‘तुम्हाला वाटेल ते द्या’ असे उत्तर आले तर नम्रपणे म्हणावे, ‘नाही, आकडा सांगा.’